हसताना तोंडावर येणारा हात

मागच्या उन्हाळ्यात देगलूरच्या बसस्थानकावर एक तरुण माझ्या पाया पडायला वाकला. मी नांदेडच्या गाडीची वाट बघत उभी होते. ऊन इतकं की पत्र्याच्या सावलीतसुद्धा डोक्यावरचा पदर खाली घ्यावासा वाटेना. "बाई, वळखलं का?" मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मिशी, डोक्याला बांधलेला रुमाल, डाव्या कडेवर दीडेक वर्षाची लेक. नाव काही आठवेना, म्हणून मी अंदाजानं एक नाव घेतलं. ते चुकलं आणि तो हसला. हसताना त्याचा उजवा हात झटकन वर आला आणि तोंडावर आडवा झाला. डोळे हसत होते, बाकी सगळं हाताआड. त्या हातावरून मला तो ओळखू आला. तिसरीचा वर्ग, खिडकीकडची रांग, सगळं एकदम आठवलं. दोन शब्द बोललो, लेकीच्या हातावर मी दहाची नोट ठेवली, त्यानं माझा नंबर घेतला, तेवढ्यात गाडी लागली. नरसी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत होता तो हातच.

कारण तो हात त्याच्या तोंडावर मी ठेवला होता.

२००६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. द्विशिक्षकी शाळा, मी नवीन, अंगात भारी उत्साह. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाले की मी स्वच्छता तपासायची. नखं पुढे करा, केस बघू, आता सगळ्यांनी 'ई' करा. हातात लाकडी पट्टी असायची. मारायला म्हणून नव्हती ती, पण होती. या पोराचे पुढचे दात बघून मी थांबले. कपात चहा वाळून राहावा तशा आडव्या तपकिरी रेघा, आणि त्यांच्याखाली खडूसारखा निस्तेज पांढरा भाग. "दात घासत नाहीस का रे?" "घासूलालोय की बाई, रोज." वर्ग हसला. मी त्याला बाजूला उभं केलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. मग मी म्हणाले, उद्या दात स्वच्छ करूनच यायचं. तिसऱ्या दिवशी तो रांगेत सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिला आणि मी न सांगताच त्यानं 'ई' केलं. हिरड्या सोललेल्या होत्या, ओठाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. आजीनं विटेचा भुगा करून दिला होता आणि त्यानं तो बोटानं जीव लावून घासला होता. रेघा होत्या तशाच होत्या. मी "शाब्बास, आज छान दिसतात" असं म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. खोटं बोलले हे त्यालाही कळालं असणार. त्यानंतर तो हसायचा तेव्हा हात वर यायचा. चौथी पास होऊन जाईपर्यंत मी तो हात बघितला आणि त्याचा अर्थ लावला नाही.

अर्थ लावायला सगळं डोळ्यांसमोर होतं, हेच जास्त टोचतं. तेव्हा पटावर त्रेचाळीस मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे दात कमीअधिक तसेच. मोठी माणसंही तशीच, म्हणून गावात कुणाला त्यात नवल वाटायचं नाही. लग्न जमवताना मात्र बाहेरची माणसं "त्या गावची पोरगी का, दात बघून घ्या" म्हणायची. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून सात-आठ मुलं यायची, त्यांचे दात पांढरे. तेही मी बघितलं होतं. आणि त्यावर मी मनात काय ठरवलं होतं, तर वाडीवरच्या आया मुलांकडे लक्ष देतात, गावातल्या देत नाहीत. पालकसभेत मी गावातल्या आयांना तसं सुनावलंही होतं. पहाटे चारला उठून कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाया, मान खाली घालून ऐकत होत्या. वाडीवर साधी उथळ विहीर होती आणि गावात खोल हापसा, एवढाच खरा फरक होता.

दोन-तीन वर्षांनी आरोग्य तपासणीसाठी एक तरुण दंतवैद्य आले. त्यांनी एका मुलीचा दात कापसानं कोरडा केला, खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि मला जवळ बोलावलं. "बाई, हे बघा. दोन्ही बाजूंच्या दातांवर रेघा एकाच उंचीवर आहेत. किटण असतं तर हिरडीजवळ साचलं असतं, कुठं कमी कुठं जास्त. हे वरून लागलेलं नाही. हे आत तयार झालंय." मग त्यांनी समजावलं. दुधाचे दात तोंडात असतात तेव्हा पक्के दात हिरडीखाली जबड्यात घडत असतात. दाताचं वरचं कवच आठेक वर्षांपर्यंत घडतं आणि त्या काळात मूल जे पाणी पितं, त्यात फ्लोराईड जास्त असेल तर कवच नीट भरत नाही, सच्छिद्र राहतं. दात वर येतो तेव्हा निकाल लागलेला असतो. पुढे त्या सच्छिद्र जागी डाग धरतो आणि गडद होत जातो. कुठलाही ब्रश, कुठलंही दंतमंजन तिथं पोचत नाही. मी विचारलं, विटेच्या भुग्यानं? ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपला मराठवाडा म्हणजे काळा पाषाण, असं आपण शाळेत शिकवतो. पण देगलूर-बिलोलीकडे तो काळा थर संपत येतो आणि खालचा जुना ग्रॅनाईट वर येतो. तिकडून तेलंगणाकडे गेलेल्यांनी बघितलं असेल, माळावर हत्तीएवढे गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे. आमची पोरं मधल्या सुट्टीत त्यांच्यावर चढून बसायची आणि तापलेल्या दगडावरून घसरगुंडी करून चड्ड्या फाडायची. याच दगडात फ्लोराईड असलेली खनिजं असतात. खोलवरच्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं मुरत पडतं आणि ते हळूहळू उतरवून घेतं. त्याला रंग नाही, वास नाही. चव म्हणाल तर आमच्या हापशाचं पाणी गोड, थंड. पाहुण्याला आवर्जून पाजावं असं. मीही सात वर्षं तेच प्यायले. माझे दात मात्र त्या गावी जायच्या आधीच घडून झाले होते.

हापशाला शिव्या द्याव्यात असं मात्र मला कधी वाटलं नाही, त्याला कारण माझी आजी. तिच्या घोट्यावर एक सुरकुतलेला, आत ओढल्यासारखा व्रण होता. नारूचा. तिच्या माहेरी पायऱ्यांची बारव होती. बाया पाण्यात उतरून घागरी भरायच्या, ज्याच्या पायाला नारू तोही त्याच पाण्यात उतरायचा आणि आजार पाण्यातून पुढच्या घरात जायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा, त्यातून पांढरा दोरा डोकावायचा. मग तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाईत तुटला तर पाय सुजून महिना-महिना अंथरुणात. आजी ते सांगायला लागली की आम्ही नातवंडं पाय पोटाशी घ्यायचो. गावात हापसा आला तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. "हापशानं नारू घालवला गं माय," हे तिचं वाक्य. आणि ते खरंच होतं. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माणसं एकत्र येऊन काम करतात तेव्हा काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तो हापसासुद्धा तसाच घडलेला. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी बनवलेला पंप, मग सोलापूरचा, आणि त्याच वळणावर सरकार, युनिसेफ, अभियंते, कारखाने यांनी मिळून सत्तरच्या दशकात उभा केलेला इंडिया मार्क टू. पुढे तो जगभर गेला. त्याच्या घराण्यात आमचं जालना आहे, हे वर्गात सांगताना मला अजून भरून येतं.

त्या पंपानं पोरांचे पाय वाचवले. मग पाऊस रुसत गेला, बोअर शंभर फुटांवरून दोनशेवर, चारशेवर गेले, आणि त्या खोलीत काय आहे ते बघायला मात्र कुणी तितक्या एकजुटीनं आलं नाही.

दंतवैद्य येऊन गेल्यावर मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी कपाट उघडून पाणी तपासणीचा कागद काढला. त्यावर फ्लोराईडचा आकडा होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं मानक आहे. आमचा आकडा त्या शेवटच्या मर्यादेच्याही जवळपास दुप्पट. कागद एक वर्षापूर्वीचा. आणि भिंतीवर पाण्याच्या स्वच्छतेसाठी गावाला मिळालेलं हिरवं कार्ड फ्रेम करून लावलेलं. ते खोटं नव्हतं. स्रोताभोवतीची स्वच्छता चांगली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वेळेवर, पाण्यातलं क्लोरिन बघायची ओटी टेस्ट चोख. जलसुरक्षक प्रामाणिकपणे काम करायचा. टीसीएलनं जंतू मरतात, फ्लोराईड जिथल्या तिथं राहतं. उकळलं तर उलट पाणी आटून ते आणखी दाट होतं. गावातल्या शहाण्या आया बाळाला पाणी उकळून पाजायच्या.

शाळेच्या कपाटात मुलांच्या आरोग्य तपासणीची नोंदवही होती. तिच्यात ओळीनं 'दात किडके', 'दात पिवळे', 'दातांची निगा आवश्यक' असे शेरे. त्यातले काही माझ्याच अक्षरातले. पंचायतीच्या कपाटात पाण्याचा कागद. अंगणवाडीत ताईंच्या रजिस्टरला बाळांची वजनं. आशाताईंकडे पाय वाकलेल्या दोन मुलांची नोंद, पुढच्या दवाखान्याला पाठवलेली. या चार जागांमध्ये अंतर किती, तर हाक मारली तर ऐकू येईल इतकं. फ्लोरोसिससाठी, म्हणजे फ्लोराईडनं दात-हाडं बिघडण्याच्या या आजारासाठी, देशपातळीवरचा कार्यक्रम २००८-०९ सालीच सुरू झाला होता. कागद होते, माणसं होती, कार्यक्रम होता. एका मुलाच्या तोंडात बघून त्याच्या घरच्या घागरीपर्यंत चालत जाणारं कुणी नव्हतं.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही बसलो. आशाताई, अंगणवाडीताई, जलसुरक्षक, ग्रामसेवक, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि मी. सरपंचबाई उशिरा आल्या, पण आल्या. वर्गाच्या फरशीवर खडूनं गाव काढलं. दोन हापसे, तीन बोअर, वाडीची विहीर. मग प्रत्येक घर कुठलं पाणी पितं ते सांगत गेलो आणि ज्या घरात डाग पडलेल्या दातांचं मूल, तिथं लाल खडूचा ठिपका. मावशींना सगळी घरं पाठ. अर्ध्या तासात एका हापशाभोवती लाल ठिपक्यांचं असं रिंगण झालं की कुणी काही बोलेना. मग मावशीच म्हणाल्या, "म्हंजे आम्ही लेकरांस्नी खिचडीतूनबी तेच घालूलालाव का?" त्या हापशावर दुसऱ्या दिवशी लाल रंग मारला. धुण्याभांड्याला चालेल, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. बाया विचारायच्या, मग पिण्याचं कुठून? खरा प्रश्न तोच होता.

तेलंगणातलं नलगोंडा आमच्यापासून फार दूर नाही. पाण्यातलं फ्लोराईड कमी करायची, त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली पद्धत आहे. तुरटी आणि चुना घालायचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. आम्ही बादलीत करून बघितली. प्रमाण पाण्यागणिक बदलतं, रोज करायला लागतं, आणि वेचणीच्या दिवसांत ते कोण करणार? तीन आठवड्यांत बादली परत धुण्याला लागली. मला वाईट वाटलं, पण बायांचं चुकलं असं आता मी म्हणत नाही. बाई राबते तिथं आणखी एक काम ठेवून देणं सोपं असतं.

मग चौथीच्या वर्गात क्षेत्रफळ शिकवताना आम्ही शाळेचं छत मोजलं. शंभर चौरस मीटरला थोडं कमी भरलं, पोरांनी शंभर धरायचं ठरवलं. एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर. आपल्याकडे आठशे मिलिमीटर धरा, वाया जाईल ते वजा करा, तरी साठ हजार लिटरच्या वर. पट तोवर साठ मुलांचा, प्रत्येकाला रोज दोन लिटर, शाळेचे दोनशे दिवस, चोवीस हजार. फळ्यावर तो आकडा उमटला तेव्हा एक पोरगी उठून उभी राहिली. "बाई, मंग ते जातंय कुठं?" पन्हाळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून ओढ्यात, ओढ्यातून लेंडी नदीत. आम्हाला मिळाली ती पाच हजार लिटरची टाकी, तीही दीड वर्ष अर्ज करून. जूनच्या एका मोठ्या पावसात ती भरली आणि ओसंडून वाहायला लागली. पोरं भिजत उभी राहून ओरडत होती. जपून वापरलं तरी दीड महिना पुरायचं. चोवीस हजाराची टाकी झाली असती तर वर्ष निघालं असतं. ती झाली नाही, आणि मग माझी बदली झाली.

धोरण हा शब्द मला पूर्वी लांबचा वाटायचा, मुंबईत कुणीतरी करायची गोष्ट. आता वाटतं, त्याला गावात तोंड आहे आणि त्या तोंडात दात आहेत. २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरच्या खाली विहीर घ्यायला मनाई करतो. आमच्याकडे बोअरची गाडी रात्री येते आणि पाचशे फुटांची भाषा करते. २०१९ पासून जल जीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटर, प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण. यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. पण मोजमाप सगळं मोठ्या माणसाच्या हिशेबानं. मूल वजनाच्या मानानं मोठ्यापेक्षा जास्त पाणी पितं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पोरं घागरीवरून उठतच नाहीत. पाण्याच्या चाचणीच्या कागदावर एक रकाना असावा असं मला फार वाटतं, हे पाणी आठ वर्षांखालची किती लेकरं पितात? आणि तो कागद शाळेच्या, अंगणवाडीच्या भिंतीवर लागावा, नुसता कपाटात राहू नये. अंगणवाडीच्या ताटात दूध, शेवग्याचा पाला, आवळा, चिंच यांचा हिशेब व्हावा, कारण कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पोटात असलं की फ्लोराईडचा मार कमी बसतो. मध्य प्रदेशात धार-झाबुआकडे नीरी आणि युनिसेफनं पाणी आणि आहार दोन्ही मिळून काम केलं होतं. आपल्या बांधावर पावसाळ्यात फुकट उगवणारा, कॅल्शियम देणारा तरोटा आपण उपटून टाकतो.

देगलूरच्या त्या भेटीनंतर आठ दिवसांनी त्याचा फोन आला. हालहवाल झाली. मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, लेकीला पाणी कोणतं पाजू?" माझ्या दातांचं काय झालं, असं त्यानं विचारलं नाही. तुम्ही मला रांगेत उभं केलं होतं, असंही नाही. मी विचारलं, कुठलं पाणी पिता तुम्ही सगळे आता? घरासमोरचा हापसा, आणि नळ, तो दहा दिवसांतून एकदा येतो. मी दोन्हीचं पाणी पाठवायला सांगितलं. एसटीच्या कंडक्टरजवळ दोन बाटल्या आल्या, एकीच्या मानेला लाल दोरा, एकीला काही नाही.

शाळेतल्या तपासणी पेटीत सोय आहे. खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, हलवायचं, रंग कार्डाशी जुळवायचा. फ्लोराईड कमी असेल तर गुलाबी राहतं, वाढत जाईल तसं पिवळ्याकडे झुकतं. लाल दोऱ्याच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातात असतानाच पिवळं पडत गेलं. दुसरं गुलाबी राहिलं. मी फोन लावून सांगितलं, दोरा नसलेलं पाज. तो म्हणाला, ते नळाचं. दहा दिवस कसं पुरणार बाई, घरात सात माणसं. मग आम्ही फोनवरच हिशेब केला. एवढ्या लेकराला प्यायला एक लिटर, खिमट-भाताला अर्धा. दहा दिवसांचं पंधरा लिटर. तो जरा वेळ गप्प राहिला. "म्हंजे एकच घागर?" हो, एकच घागर. झाकून ठेवायची, वगराळ्यानं काढायचं, हात घालायचा नाही. "एक घागर तर ठिवूच की बाई."

परवा त्यानं व्हिडिओ कॉल केला, घागर दाखवायला. स्टीलची, त्यावर झाकण, झाकणावर उपडं वगराळं. बायको मागून सांगत होती, पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी यातलं पाणी चहाला घेतलं, तर हे केवढं बोलले. मग त्यानं फोन लेकीकडे वळवला. ती उंबऱ्यावर बसलेली, दोन्ही हातांत बिस्किटं, मला बघून तोंडभर हसली. वर-खाली मिळून पुढचे आठ दुधाचे दात, बिस्किटानं माखलेले. तोही हसत होता, पण पडद्यावर दिसत नव्हता. आवाज तेवढा येत होता, हाताआडून यावा तसा दबलेला.